चला म्हैसमाळला – पण सावकाश!

सकाळी सातच्या सुमारास गारखेड्यातल्या सूतगिरणी चौकात पाच मिनिटे उभ्या राहा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांवर नजर टाका. मुलाला शाळेत सोडायला निघालेली आई, क्रीडा संकुलात चालायला जाणाऱ्या दोघी शेजारणी, मागे सासूबाईंना बसवून गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेली सूनबाई, डबा पर्समध्ये कोंबून ऑफिस गाठणारी कुणी. प्रत्येकीच्या हातात गाडीचे हँडल! खड्डे, रिक्षा, मोकाट गुरे, उलट्या बाजूने येणारे महाभाग, या सगळ्यांतून वाट काढत दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर तर सहज होतात. आता यांतल्या कुणालाही थांबवून विचारा, "काय हो वहिनी, म्हैसमाळला गेलात का कधी?"

"अहो, कितीदा तरी!"

"स्वतः गाडी चालवत?"

की लगेच हसू. "छे, बाई! घाट आहे ना तो. हे असतात की!"

मैत्रिणींनो, आज बोलायचे आहे ते याच "हे असतात की"बद्दल. 'ह्यां'च्या मागे डबलसीट बसून जाण्यात वाईट काही नाही. गप्पा होतात, हात मोकळे असतात. पण एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का? साडी नेसून, दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसलेल्या बाईला घाट दिसतो तो फक्त डावीकडचा. उजवी बाजू कायम पाठीमागे, आणि समोर दिसतो तो यजमानांचा शर्ट. म्हणजे लग्नाला वीस वर्षे झाली आणि दहा वेळा म्हैसमाळ झाले, तरी आपण पाहिला तो अर्धाच रस्ता की हो!

आमच्या आयांच्या पिढीला इलाज नव्हता. घरात एक स्कूटर असायची, तीही नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली. डाव्या हाताने गिअर, पायाने किक, आणि गाडी जड. बायकांच्या हातात गाडी दिली ती १९७२ साली पुण्यात निघालेल्या लुनाने. पायडल मारा, सुरू करा, भाजी आणा. मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायला नको, बटण दाबले की सुरू. त्यानंतर आपल्या शहरांतले चित्रच पालटले. आणि आपल्या शहराचे तर विशेषच आहे. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आजही तिथून मोटारसायकली बाहेर पडताहेत. गारखेड्यातल्या किती घरांचा संसार त्या औद्योगिक वसाहतीवर उभा राहिला! देशभर गाड्या पाठवणाऱ्या गावच्या लेकीसुनांनी मात्र नगर नाक्याच्या पुढे गाडी न्यायची नाही, हे काही बरे दिसत नाही.

घरातून पहिला आक्षेप येईल तो रस्त्याबद्दल. "एवढ्या लांब? बायका-बायकाच?" तर रस्ता आधी नीट पाहू या.

गारखेड्याहून नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, मग शरणापूर आणि दौलताबाद. इथपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट, वाहने बऱ्यापैकी. दौलताबादला रस्ता जुन्या तटबंदीच्या दरवाजातून जातो. देवगिरीचा किल्ला डोक्यावर उभा आणि समोरून ट्रक आला तर दोघांना एकदम जागा नाही, म्हणून इथे थांबून, समोरचे पाहून मगच आत शिरायचे. दरवाजा ओलांडला की दौलताबादचा घाट. फार मोठा नाही, पण वळणे खरी आहेत. वर आल्यावर कागजीपुरा लागतो. हातकागद बनवणारे हे गाव. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानी इकडे हलवली, त्या काळात कागदी कारागीर इथे आले असे सांगतात. पुढे खुलताबाद आणि तिथून म्हैसमाळचा फाटा. शेवटचे बारा-तेरा किलोमीटर पुन्हा चढाचे. गारखेड्यातून निघालात तर एका बाजूने साधारण चाळीस किलोमीटर होतात. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या थोडे वर आहे, म्हैसमाळ हजाराच्या थोडे वर. पाचशे मीटरचा चढ, तोही दोन टप्प्यांत विभागलेला. वर हवा तीनेक अंशांनी थंड लागते, ती एवढ्या उंचीमुळेच.

आणि बायकांना हा रस्ता नवा आहे का? श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसे खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात. त्यांत बायका किती असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी सुनेला अडवले, "घाटात कशाला जाता गं गाडी घेऊन? काही झालं म्हंजे?" सून हुशार. तिने हळूच विचारले, "आई, तुम्ही त्या घाटातून किती श्रावण चालत गेलात?" काकू थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "सात. पण चपला घालून जा, अनवाणी नको जाऊस." परवानगी मिळाली म्हणायची! (गाडीवरून जाणाऱ्या सुनेला अनवाणी जाऊ नको हा सल्ला कशासाठी होता, ते अजून कुणाला कळलेले नाही.)

आता मुख्य गोष्ट. पुष्कळजणी मिळून गाड्या घेऊन जायचे म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहतात ती रविवारी भुर्रकन कट मारून जाणारी पोरे. पुढे एक, मागे चार, आणि कोण आधी पोचते याची शर्यत. ती तऱ्हा आपली नव्हे. आपल्याला जायचे आहे सावकाश, आणि सगळ्यांनी मिळून. ऐकायला सोपे वाटते, पण पाचसहा गाड्या एकत्र सावकाश नेणे हे एकटीने नेण्यापेक्षा अवघड आहे. कारण मागे पडलेली प्रत्येक बाई गाठायला म्हणून वेग वाढवते. पुढच्या वळणाआड गेल्या, की हिच्या पोटात गोळा. "मला टाकून गेल्या वाटतं" असे म्हणत ती पीळ देते, आणि वळणावर चुकते ती इथेच. घाटापेक्षा हे गाठायला धावणे जास्त धोक्याचे आहे, असे माझे मत आहे.

म्हणून काही गोष्टी निघण्यापूर्वी, चहाच्या कपाबरोबरच ठरवून टाका.

पाच किंवा सहाजणी पुरे. आठ-दहा झाल्या की सगळा वेळ मोजण्यातच जातो. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेली एक. तिला आम्ही पुढारीण म्हणतो. सर्वांत शेवटी हात सगळ्यात स्थिर असलेली एक, ती शेपूट. आणि जिला सगळ्यांत जास्त भीती वाटते, जिचा वेग सगळ्यात कमी आहे, तिला बरोबर पुढारणीच्या मागे, दुसऱ्या जागेवर ठेवायचे. मागे नाही हं! बहुतेक जणी इथेच गल्लत करतात. "तू आपली मागून ये सावकाश" असे प्रेमाने सांगतात आणि तिला एकटी पाडतात. दुसऱ्या जागेवर ती असली की पुढारणीला आरशात तीच दिसते, आणि सगळ्यांचा वेग आपोआप तिच्या वेगाने ठरतो. कुणी तिला "चल गं लवकर" म्हणायचे नाही.

प्रत्येकीने लक्ष ठेवायचे ते आपल्या मागच्या एका गाडीवर. आरशात ती दिसेनाशी झाली की आपण वेग कमी करायचा. तरी दिसली नाही तर रस्त्याच्या कडेला, वळण सोडून सरळ जागी, सगळी गाडी डांबराबाहेर घेऊन थांबायचे. मग पुढचीला आपण दिसेनाशा होतो, म्हणून तीही थांबते. अशी ही साखळी पुढारणीपर्यंत जाऊन पोचते. हाका मारायला नकोत, मोबाईल काढायला नको. फाटा आला, जसे खुलताबादला म्हैसमाळचे वळण, तिथे मात्र मागची दिसेपर्यंत पुढे जायचेच नाही.

सरळ रस्त्यावर गाड्या एकामागे एक अगदी रेषेत नकोत. एक थोडी डावीकडे, पुढची थोडी उजवीकडे, वेणीचे पेड घालावेत तशा. त्यामुळे पुढचीने अचानक ब्रेक मारला तरी आपल्यासमोर मोकळी जागा राहते. दोघींत अंतर किती? पुढची गाडी एखाद्या झाडाशी पोचली की मनात सावकाश "एक... दोन..." म्हणायचे, तोवर आपण त्या झाडाशी पोचता कामा नये. पाऊस असेल तर चारपर्यंत मोजा. घाट लागला की वेणी सोडायची आणि सगळ्यांनी डावी कड धरून एका ओळीत. शेजारी शेजारी गाड्या लावून गप्पा मारायच्या नाहीत. हे सांगावे लागते, कारण मोह फार होतो. गप्पांसाठी आपण वर जाऊन बसणारच आहोत.

बसमधून जाताना घाट भीतिदायक वाटतो, हाती हँडल असले की तो समजायला लागतो. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की चाक घसरायची भीती, विशेषतः आतल्या बाजूला खडी पडलेली असते तिथे. नजर खड्ड्याकडे किंवा दरीकडे नको, वळण जिथे संपते तिकडे हवी. गाडी नजरेमागे जाते, हे तुम्ही भाजीबाजारात हजारदा अनुभवले आहे. समोरचे दिसत नाही अशा वळणावर हॉर्न वाजवा. वाहतुकीच्या नियमांप्रमाणे डोंगरी अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, पण समोरून उतरणारा जीपवाला हा नियम पाळेल यावर विसंबू नका. चढताना गाडी दमते आहे असे वाटले तर वाटू द्या. ११० सीसीची स्कूटर एकट्या बाईला घेऊन हा चढ तक्रार न करता चढते.

खरी परीक्षा उतरताना आहे. आणि याबद्दल घरोघरी एक चुकीची शिकवण चालत आलेली आहे. उतारावर इंजिन बंद करा, पेट्रोल वाचते! दोन-चार चमचे पेट्रोल वाचत असेल, पण इंजिन बंद झाले की गाडीला मागे धरून ठेवणारे काही उरत नाही, सगळा भार ब्रेकवर. गिअरच्या मोटारसायकलवर खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला अडवून धरते. बिनगिअरच्या स्कूटरला तो आधार आधीच कमी. म्हणून इंजिन चालू ठेवायचे आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, तेही पुढचा-मागचा दोन्ही मिळून. २०१९ नंतरच्या बहुतेक स्कूटरना एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागण्याची सोय आहे, पण आपल्या गाडीला ती आहे का हे गॅरेजवाल्याला आधी विचारून ठेवा. ब्रेक सतत घासत राहिला की तापतो, जळका वास येतो आणि मग दाबला तरी नीट लागत नाही. असा वास आला की दहा मिनिटे सावलीला थांबा. त्यावर पाणी मात्र ओतू नका. तापलेल्या तव्यावर पाणी टाकले की काय होते ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

जाण्याच्या आदल्या दिवशी, गाडी थंड असताना, दोन्ही चाकांतली हवा तपासून घ्या. किती हवी तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाला जास्त लागते. ब्रेक, दिवे, हॉर्न, दोन्ही आरसे. हो, आरसे! आपल्यापैकी कितीजणींच्या गाडीचा एक आरसा आत वळवलेला असतो आणि दुसरा लिपस्टिकसाठी वर केलेला! मागची दिसली पाहिजे, तर आरसा मागे हवा. लायसन्स, गाडीची कागदपत्रे, विमा आणि पीयूसी यांची मुदत पाहून घ्या. आणखी एक, लायसन्सवर फक्त बिनगिअरच्या गाडीची परवानगी असेल तर यजमानांची मोटारसायकल घेऊन घाटात जाणे बेकायदा ठरते. तुम्हाला ती चालवता येत असली तरी!

कपड्यांवर सगळ्यांत जास्त चर्चा झडते. तशी ती जगभर झडली आहे. १९१६ साली अमेरिकेत ऑगस्टा आणि ॲडेलिन व्हॅन ब्युरेन या दोघी बहिणी दोन मोटारसायकलींवरून न्यूयॉर्कहून निघून देश ओलांडून पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोचल्या. डोंगर, चिखल, वाळवंट सगळे पार केले, पण वाटेत पोलिसांनी त्यांना पकडले ते पुरुषांसारखे कपडे घातले म्हणून! आपल्याकडे उलट अडचण. साडीत गाडी चालवू नका असे सगळे सांगतात, आणि २०२३ च्या मार्चमध्ये रमिला लटपटे गेटवे ऑफ इंडियापासून जगप्रवासाला मोटारसायकलवर निघाल्या त्या नऊवारी नेसून. नऊवारीला काष्टा असतो, पाय मोकळे राहतात, सुटे टोक लोंबत नाही. गोल साडीचे तसे नाही. म्हणून माझे ऐकाल तर घाटात सलवार-कमीज किंवा पँट, आणि ओढणी घरीच ठेवा. ओढणी चाकात गुंतून गळ्याला फास बसतो, हा नुसता धाक घालण्यासाठी सांगितलेला किस्सा नव्हे, दरवर्षी कुठे ना कुठे घडणारी गोष्ट आहे. मागे बसणारी साडीतच असेल तर पदर पूर्ण खोचून, पिन लावून. मागच्या चाकाला साडीगार्ड हवाच, तो शोभेसाठी नसतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाला निम्म्याहून कमी नाही इतके आच्छादन असावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितले आहे. बरेच जण गाडी 'मॉडर्न' दिसावी म्हणून तो काढून टाकतात. तो परत बसवून घ्या. मंगळसूत्र कमीजच्या आत, पायात पट्ट्याच्या चपलेऐवजी बंद बूट.

हेल्मेट दोघींनाही, चालवणारीला आणि मागचीलाही. आयएसआय छाप पाहून घेतलेले, आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही अशी तक्रार असते. अंबाडा घालूच नका, मानेवर सैल वेणी घाला. लहान मुलांना पहिल्या खेपेला नेऊ नका. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीवर न्यायचे तर २०२२ साली निघालेल्या नियमाप्रमाणे चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी चाळीसच्या आत वेग, एवढे लागते. शिवाय आई एका डोळ्याने मुलाकडे पाहत असली की रस्ता कोण पाहणार?

गेल्या श्रावणात आम्ही पाचजणी गेलो. मुद्दाम बुधवार धरला. रविवारी म्हैसमाळवर पाय ठेवायला जागा नसते आणि पोरांच्या शर्यती असतात त्या वेगळ्याच. मुलांच्या बस गेल्या आणि आम्ही सव्वासातला निघालो. आमची दुसऱ्या जागेवरची मैत्रीण शाळेत शिकवते, त्या दिवशी तिने हक्काची रजा टाकली होती. शहरात पन्नास रिक्षांमधून सफाईने गाडी काढणारी ही बाई दौलताबादच्या दरवाजाशी आल्यावर म्हणाली, "मी इथून परत जाते गं." कुणी समजूत घातली नाही, कुणी धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. किल्ल्यासमोर थांबून चहा घेतला. पुढारीण एवढेच म्हणाली, "घाट संपेपर्यंत तीसच्या वर काटा नेणार नाही. तुला नको वाटलं तर हॉर्न दे, थांबू." आणि खरोखर तिसाच्या वर काटा गेला नाही. मागून गाड्यांची रांग लागली, तेव्हा शेपटाने हात दाखवून आम्हाला कडेला घेतले, रांग पुढे जाऊ दिली, मग पुन्हा निघालो. असे दोनदा झाले. कागजीपुऱ्याला आलो तेव्हा मैत्रिणीने विचारले, "घाट कधी लागणार?"

खुलताबादला मारुतीचे दर्शन घेतले. इथला मारुती उभा नाही, निजलेला आहे. तिथून वर जाताना ढग खाली उतरले आणि शेवटच्या चढाला पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. धुक्यात अंतर कमी करावेसे वाटते, दिवा हरवू नये म्हणून. करू नका. वेग आणखी कमी करा, अंतर तेवढेच ठेवा. वर पोचेपर्यंत साडेनऊ वाजले. चाळीस किलोमीटरला सव्वादोन तास, चहा आणि देव धरून! रविवारच्या पोरांना हे सांगितले तर हसतील.

वर दूरदर्शनचा मनोरा अर्धा ढगात होता. गिरिजामातेच्या देवळात गेलो, मग कड्याशी बसलो. डबे उघडले. एकीचे धपाटे आणि दही, एकीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. धपाट्यांबद्दल एक सांगते, प्रवासाचे असतील तर पीठ भिजवताना पाणी कमी आणि दही जास्त घाला, दुपारपर्यंत मऊ राहतात. डबे मात्र डिक्कीत किंवा झाकून ठेवा. इथली वानरे पिशवी ओळखतात, आणि हातातली पिशवी ओढायला आली की घाबरून आपणच पडतो. ढग मध्येच फाटले आणि खाली वेरूळच्या बाजूचा हिरवा मुलूख दिसला. या डोंगरावरचेच पाणी पुढे वेरूळच्या लेण्यांवरून पावसाळ्यात कोसळते, सीतेच्या न्हाणीचा तो धबधबा. आमच्यातल्या एकीने लेणी तीनदा पाहिली होती, पण ते पाणी येते कुठून हा प्रश्न तिला पडला नव्हता. मलाही नव्हता.

आमची शिक्षिका मैत्रीण मात्र पाणी पाहत नव्हती. ती गाडीला टेकून रस्त्याकडेच बघत बसली होती. म्हणाली, "उजव्या बाजूलाही डोंगर आहे गं. मला वाटायचं सगळा डावीकडंच आहे."

परत निघालो ती साडेअकराला. उतरताना दोनदा थांबलो. दुसऱ्या वेळी कागजीपुऱ्यात थांबून हातकागद घेतला, एकीला रुखवतासाठी पाकिटे करायची होती. दीडच्या आत सगळ्या घरी. मुले शाळेतून यायची होती, कुकर लावायला वेळ होता.

हिशेब सांगते, कारण तो विचारला जातोच. जाऊन-येऊन ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरला प्रत्येकीला दोन लिटरच्या आसपास पेट्रोल लागले. ते जिचे तिने भरायचे. चहा आणि वरची मक्याची कणसे यांची वर्गणी, ती एकीकडे आधीच जमा करायची, म्हणजे दुकानासमोर "मी देते, मी देते" होत नाही. पंक्चर झाले तर थांबायचे सगळ्यांनी, एकीला मागे ठेवून पुढे जायचे नाही. अडचण मोठी असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, हे दोन आकडे सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत. आणि घरी एका माणसाला फक्त पोचल्याचा आणि निघाल्याचा निरोप. दर वळणावर "कुठे आहात?" असे विचारणाऱ्या यजमानांना प्रेमाने सांगून ठेवा, की गाडी चालवताना फोन उचलत नसतात.

घरी आल्यावर हेल्मेटच्या आतली गादी निघत असेल तर काढून शाम्पूच्या कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात टाकू नका, तसेच ओले हेल्मेट डिक्कीत कोंबू नका, वास धरते. ज्या हेल्मेटवर जोराचा आदळ बसला आहे ते वरून धड दिसले तरी बदलायचे. घाट उतरल्यावर दुसऱ्या दिवशी ब्रेक लागताना करकर आवाज आला, तर सर्व्हिसिंगच्या तारखेची वाट न पाहता गाडी दाखवून आणा.

पहिला पाऊस पडून गेल्या-गेल्या मात्र जाऊ नका. रस्त्यावरचे तेल आणि धूळ तेव्हा वर येते आणि डांबर साबणासारखे होते. चांगला आठवडाभर पाऊस होऊन रस्ता धुतला गेला की मग निघा. म्हैसमाळ एकदा जमले, की पुढच्या खेपेला खुलताबादहून उजवीकडे न वळता सरळ वेरूळला उतरणारा छोटा घाट करा, किंवा एकनाथ महाराजांनी तप केले असे सांगतात त्या शूलिभंजनाला जा. कन्नडचा औट्रम घाट लांब आहे, वळणे जास्त तीव्र आहेत. तो पहिल्या वर्षी नको.